एचआयव्हीबाधितांचे औषध, विमा आणि नाव

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेल्या निवेदनाचा मजकूर)



वार्षिक सभेत प्रशासनाने उभे राहावे, खाटा किती वाढल्या, बाह्यरुग्ण विभागात किती रुग्ण तपासले गेले, नवीन यंत्रसामग्री कोणती आली हे सांगावे आणि खाली बसावे, असा आपला प्रघात आहे. ते सर्व आकडे अहवालाच्या परिशिष्टांत दिलेले आहेत व लेखापरीक्षकांनी ते तपासलेले आहेत. आज आपली अनुमती घेऊन आम्ही एकाच खात्याविषयी बोलणार आहोत. ताळेबंदात या खात्याची एकच ओळ आहे, 'उपचार-साहाय्य निधी'. या ओळीखाली लाभार्थींची यादी नाही आणि अहवालात त्यांचे एकही छायाचित्र नाही. असे का, हा प्रश्न काही देणगीदारांनी पत्राने विचारला आहे. त्याचे उत्तर देणे हे आमचे कर्तव्य आहे.

प्रसंग असा घडला. एका सद्गृहस्थांनी आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ रक्कम देऊ केली आणि ती एचआयव्हीबाधित रुग्णांच्या गोळ्यांसाठीच वापरावी अशी अट घातली. हेतू अत्यंत उदात्त होता. परंतु त्या अटीवर ती रक्कम आम्हांस स्वीकारता आली नाही, कारण या गोळ्या शासन विनामूल्य देते. आमची वाणिज्य शाखेतील बुद्धी असे सांगते की ज्या वस्तूची किंमत शून्य आहे तिच्या खरेदीचे व्हाउचर तयार होऊ शकत नाही. मग या रुग्णांना मदत नेमकी कशासाठी लागते, असे त्या सद्गृहस्थांनी विचारले. आजचे हे निवेदन म्हणजे त्यांना दिलेले थोडे लांबलेले उत्तर आहे.

ज्यांनी १९९० ते २००४ हा काळ रुग्णालयात काढला आहे त्यांना 'विनामूल्य' या शब्दाचे मोल निराळे सांगावे लागत नाही. भारतात हा विषाणू प्रथम १९८६ मध्ये चेन्नईत, डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या पुढाकाराने झालेल्या तपासणीत आढळला. त्यानंतर दहा वर्षांनी, १९९६ च्या सुमारास, तीन औषधे एकत्र देण्याची उपचारपद्धती जगात रूढ झाली. पण पाश्चात्त्य देशांत तिचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसूफ हमीद यांनी हीच तीन औषधे एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्थेला दर रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली, आणि साऱ्या जगाचे हिशेब बदलले. तरीही डॉलरचा तेव्हाचा भाव धरला तर ही रक्कम साधारण सोळा हजार रुपये होते. बाळापूर वा पातूरकडच्या शेतमजुराच्या घरात तेव्हा सोळा हजार रुपये एकरकमी पाहिलेली माणसे विरळा होती. आमच्या औषध-खिडकीवर लोक दहा दिवसांच्या गोळ्या घेत, मग पंधरा दिवस येत नसत. असा खंड पडला की औषधाचा गुण जातो व विषाणू त्या औषधास दाद देईनासा होतो, हे डॉक्टर समजावून सांगत. त्यांना ते समजतही असे. अडचण समजण्याची नव्हतीच.

१ एप्रिल २००४ रोजी केंद्र शासनाने आठ शासकीय रुग्णालयांतून मोफत औषधोपचारास आरंभ केला. महाराष्ट्रात तेव्हा ही सोय मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात होती, म्हणजे अकोल्याहून जवळपास सहाशे किलोमीटर दूर. पुढे केंद्रे वाढत गेली. आज मोर्णेच्या पलीकडे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्वोपचार रुग्णालयात एआरटी केंद्र आहे. दगडी पूल ओलांडला की आमचे रुग्ण तेथे पोहोचतात. आरंभी सीडी-४ पेशींची संख्या २०० च्या खाली गेल्यावरच औषध सुरू होत असे. ती मर्यादा पुढे ३५० वर व नंतर ५०० वर नेण्यात आली, आणि २०१७ पासून तपासणीत विषाणू आढळलेल्या प्रत्येकास, पेशी कितीही असोत, औषध देण्याचे धोरण आले. २०२० पासून दिवसाला एकच गोळी पुरेल असे डोल्युटेग्राविरयुक्त संयोजन टप्प्याटप्प्याने रूढ झाले. रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजणारी व्हायरल लोड तपासणीही राष्ट्रीय कार्यक्रमातून विनामूल्य होते. शासनावर टीका करण्याची आपणा सर्वांना सवय आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितले. इतक्या व्यापक प्रमाणावर, जन्मभरासाठी, विनाशुल्क औषध देणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

क्वचित पुरवठा विस्कळीत होतो. २०२२ च्या जुलैत औषधे तुटल्याची तक्रार घेऊन रुग्ण व कार्यकर्ते दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयासमोर अनेक आठवडे बसले होते. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ यामध्ये औषधोपचार पुरविण्याची जबाबदारी शासनावर टाकलेली आहे खरी. पण तेथे 'शक्य असेल तेथवर' अशा अर्थाची शब्दयोजना आहे. हिशेबाच्या माणसाला असे शब्द दिसले की तो थोडी राखीव रक्कम बाजूला ठेवतो. आम्हीही ठेवली आहे. या निधीतून औषध विकत घेण्यासाठी तेवढीच तरतूद आहे.

आता राहिलेल्या खर्चाकडे वळू. आमच्याकडे येणाऱ्या एका बाईंनी आमच्या समाजसेविका ताईंना जे सांगितले ते आमच्या कोणत्याही टिपणापेक्षा अधिक नेमके आहे. "ताई, गोयी त फुकट भेटते, पर थे आनाले जाव लागते ना," असे त्या म्हणाल्या.

महिन्यातून एकदा औषध आणायचे म्हणजे वर्षात बारा खेपा. प्रत्येक खेपेला जाण्या-येण्याचे भाडे आणि एका दिवसाची मजुरी. सोबत कोणी असेल तर वर्षाच्या चोवीस मजुऱ्या. सोयाबीनच्या सोंगणीत व कपाशीच्या वेचणीत मजुरीचा भाव वाढलेला असतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत खेप चुकते. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांना दोन-तीन महिन्यांची औषधे एकदम देण्याची पद्धत २०२० च्या टाळेबंदीत सर्वत्र रुळली, त्यामुळे भार पुष्कळ हलका झाला आहे. पण नवीन रुग्ण, ज्यांच्या गोळ्या बदलल्या आहेत असे रुग्ण, क्षयरोगाचे उपचार सोबत सुरू असलेले रुग्ण यांना वारंवार यावेच लागते. (येथे एक स्थानिक बाब नमूद करतो. श्रावणातील शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन श्रीराजराजेश्वरास कावडी येतात, तेव्हा जुन्या शहरातील रस्ते वाहनांना बंद असतात. त्या दिवसाची तारीख कोणाच्या कार्डावर पडू नये म्हणून आमच्या ताई महिनाभर आधीच कार्डे पाहून ठेवतात. एका वर्षी हे सुचले नव्हते, आणि तारीख असलेले रुग्ण माघारी गेले होते.)

या प्रवासासाठी सवलत आहे. राज्य परिवहन महामंडळाच्या गाडीत एचआयव्हीबाधितांना शंभर टक्के सवलत मिळते. रेल्वेतही उपचारासाठी जाताना दुसऱ्या वर्गात निम्म्या भाड्याची तरतूद आहे. कागदावर पाहता प्रवासाचा प्रश्न मिटलेला आहे.

प्रत्यक्षात आमच्या परिचयातील फार थोडे लोक ही सवलत घेतात. ती घ्यायची तर भरलेल्या गाडीत वाहकासमोर ओळखपत्र धरावे लागते. वाहक सज्जन असला तरी कार्ड वाचणार, बाजूचा प्रवासी मान वळवणार, आणि त्या गाडीत आपल्या गावचे निदान तीन जण असणार. म्हणून बायका तिकिटाचे पूर्ण पैसे मोजत. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना एसटीच्या भाड्यात पन्नास टक्के सवलत लागू झाली. त्यानंतर आमच्या ताईंच्या ध्यानात आले की या बायकांच्या खेपा नियमित होऊ लागल्या आहेत. शंभर टक्के सवलत हाताशी असताना ती घेतली गेली नाही, आणि पन्नास टक्क्यांची घेतली गेली. कारण उघड आहे. दुसरी सवलत घेताना काही सांगावे लागत नाही. गाडीतील प्रत्येक बाई तीच घेत असते.

आम्ही हिशेबात वाढलेली माणसे. शंभरातून पन्नास वजा केल्यावर उरलेले पन्नास ही बाई कशासाठी मोजते, हा प्रश्न आम्हांस पडला. ती आपल्या नावासाठी मोजते. याच कारणाने अकोल्याचे काही रुग्ण औषधासाठी अमरावतीस जातात आणि तिकडचे काही इकडे येतात. बोरगाव मंजूच्या आसपास या गाड्या एकमेकींना ओलांडून जात असतील. आपल्या शहरातील केंद्रात कोणी ओळखीचे भेटू नये, एवढाच त्यामागचा हेतू. त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणास आहे? निदान आमच्या संस्थेस तरी नाही. त्याचे कारण आता सांगणे भाग आहे.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत आमच्याच रुग्णालयात अशा रुग्णाच्या केसपेपरवर लाल खूण केली जात असे. शस्त्रक्रियेच्या बिलात 'विशेष किट' या नावाने वेगळी आकारणी होत असे. प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत सारखीच खबरदारी घेणे हा वैद्यकशास्त्राचा नियम असताना एकाकडूनच हातमोज्यांचे जादा पैसे घेणे सर्वथा गैर होते. ती आकारणी बंद झाली, लाल खुणाही गेल्या. आम्ही सुधारलो असे आम्हांस वाटू लागले.

पुढे १० सप्टेंबर २०१८ रोजी वर उल्लेखिलेला अधिनियम अमलात आला. उपचार, नोकरी, शिक्षण, निवास व विमा या बाबतींत भेदभावास त्याने मनाई केली आणि कोणाही व्यक्तीची एचआयव्हीविषयक माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक केले. अधिनियमाची प्रत आमच्या दप्तरी आली, कर्मचाऱ्यांची बैठक झाली, इतिवृत्तावर सह्या झाल्या. त्यानंतर चार-पाच महिन्यांनी, जिनिंगचा हंगाम भरात असताना, एका जिनिंग कारखान्यातील कामगार आमच्याकडे दाखल झाला. हंगामात सुट्टी मिळेना म्हणून त्याच्या दोन खेपा चुकल्या होत्या, गोळ्या थांबल्या होत्या, आणि क्षयरोगाने छाती भरली होती. अठरा दिवसांनी तो उठून बसू लागला. बिल मोठे झाले होते. कुटुंब पात्र असल्याने आम्ही निर्धन रुग्ण निधीतून माफी देऊ केली.

येथे थोडे स्पष्टीकरण हवे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना यांनुसार धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात, आणि एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम या निधीत वळती करायची असते. नातेवाईकांनी हे लक्षात ठेवावे की ही माफी म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे. ती मागण्यात संकोच नसावा.

त्या कामगाराच्या पत्नीसमोर आम्ही माफीचा अर्ज ठेवला. त्यात 'सवलतीचे कारण व आजाराचे नाव' असा रकाना होता. रकाना आम्हीच, लेखापरीक्षण सोपे व्हावे म्हणून, छापून घेतला होता. ती बाई बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिली आणि तिने विचारले, "हा कागद कोन कोन वाचते, साहेब?"

आम्ही प्रामाणिकपणे मोजून सांगितले. बिल विभागाचा लिपिक, रोखपाल, लेखापाल, प्रशासन, विश्वस्तांची उपसमिती, लेखापरीक्षक. ती "बरं" म्हणाली आणि अर्ज न भरताच गेली. सायंकाळी तिने संपूर्ण बिल रोख भरले. पैसे कोठून आणले हे आम्ही विचारले नाही. नंतर ताईंकडून कळले की गळ्यातील डोरले सावकाराकडे गेले. तो कामगार पुढे बरा झाला, आजही गोळ्या नेमाने घेतो. डोरले सुटले नाही.

त्या रकान्यामागे कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता. नीटनेटका हिशेब ठेवण्याची आमची हौस होती. दुसऱ्याच महिन्यात तो अर्ज रद्द करण्यात आला. आता कोणत्याही सवलतीच्या व्हाउचरवर फक्त क्रमांक व रक्कम असते. क्रमांक आणि व्यक्ती यांची सांगड घालणारी नोंदवही वैद्यकीय अधीक्षकांच्या कपाटात असते व तिची किल्ली दोघांकडेच असते. लेखापरीक्षक वर्षातून एकदा त्या खोलीत बसून ती पडताळतात. तिची प्रत काढली जात नाही. निधीचे नावही मुद्दाम 'उपचार-साहाय्य' असे सर्वसाधारण ठेवले आहे. मूत्रपिंडाच्या रुग्णाचे रिक्षाभाडे, कर्करोग्याच्या सोबत्याचे जेवण आणि एचआयव्हीबाधिताचे एसटीचे तिकीट हे सर्व एकाच खात्यातून जाते. खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहून तो कशासाठी आला आहे हे लिपिकासही कळत नाही.

हाच विचार आम्ही शासकीय योजनांच्या बाबतीत वापरू लागलो, आणि आज उपस्थित असलेल्या कुटुंबांना त्याचा उपयोग व्हावा म्हणून थोडा तपशील देतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एड्सने आजारी व्यक्तींचा समावेश आहे. २०२३ पासून या योजनेत दरमहा १,५०० रुपये मिळू लागले. पण अर्जासोबत आजाराचा दाखला जोडला की तो तलाठ्यापासून तहसील कार्यालयापर्यंत अनेक हातांतून जातो. त्याच योजनेत निराधार विधवाही पात्र आहेत, आणि रक्कम तीच आहे. पती निवर्तलेल्या भगिनीने विधवा म्हणून अर्ज केला तर आजाराचा उल्लेख करण्याचे कारणच उरत नाही. मुलांसाठी असलेल्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतही असेच आहे. एचआयव्हीबाधित पालकांची मुले तिच्यात बसतात, तशीच एक पालक गमावलेली मुलेही बसतात. यात काही लबाडी नाही. दोन्ही कारणे खरी आहेत. त्यांतील कोणते पुढे करायचे हा त्या कुटुंबाचा निर्णय आहे.

मात्र ही आमची युक्ती आम्हांसच पूर्णपणे रुचत नाही, हेही कबूल केले पाहिजे. आजाराच्या नावाने ज्या सवलती मिळाल्या त्या कोणीतरी आपले नाव व चेहरा जगासमोर ठेवून मिळविल्या आहेत. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका कामगाराने केवळ एचआयव्हीमुळे काम नाकारल्याबद्दल सरकारी मालकीच्या कंपनीविरुद्ध दाद मागितली आणि न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. तो खटला 'एमएक्स विरुद्ध झेडवाय' या नावाने ओळखला जातो, कारण न्यायालयाने त्याचे नाव झाकू दिले. नाव झाकूनही तो लढला. एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या संघटनांतील अनेकांनी तर नावही झाकले नाही. त्यांनी मिळविलेला हक्क कोणी वापरलाच नाही तर एक दिवस कोणीतरी फाइलवर 'मागणी नाही' असा शेरा मारील. म्हणून जे सर्वांसमोर येण्यास तयार आहेत त्यांना आम्ही शंभर टक्क्यांचे ओळखपत्र मिळवून देतो आणि जे नाहीत त्यांना आग्रह करीत नाही. विहान कार्यक्रमातील काळजी व आधार केंद्रांचे कार्यकर्ते याबाबत आमच्यापेक्षा अधिक जाणतात. १०९७ या राष्ट्रीय विनाशुल्क दूरध्वनीवर नाव न सांगताही माहिती मिळते.

आता विम्याविषयी. या विषयावर गैरसमज फार आहेत.

औषध मोफत असले तरी माणसाला इतर आजार होतातच. हाड मोडते, हृदयविकार होतो, अपेंडिक्स सुजते. या औषधांमुळे आयुष्यमान वाढल्याने आता एचआयव्हीबाधितांत मधुमेह व रक्तदाबही इतरांसारखेच दिसतात. रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च कोणी द्यायचा? येथे सर्वांत मोठा आधार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आहे. ती २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत अमरावती होते, अकोला नव्हते. सोळा महिन्यांहून अधिक काळ आम्ही दर्यापूरच्या रुग्णाला अमरावतीची वाट दाखवीत होतो आणि मूर्तिजापूरच्या रुग्णाला काय सांगावे हे सुचत नव्हते. दोघांच्या गावांत काही कोसांचेच अंतर. २१ नोव्हेंबर २०१३ पासून योजना राज्यभर लागू झाली. आरंभी पिवळी व केशरी शिधापत्रिका आवश्यक होती. पुढे आपल्यासारख्या चौदा शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत पांढरी शिधापत्रिका असलेल्या शेतकऱ्यांनाही सात-बाराच्या आधारे सामावून घेण्यात आले. १ जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व कुटुंबांना, शिधापत्रिकेचा रंग कोणताही असो, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण देण्यात आले आहे.

या योजनेत आधीपासून आजार असलेल्या व्यक्तीस वगळले जात नाही, प्रतीक्षा कालावधी नाही, हप्ता नाही. एचआयव्ही आहे म्हणून हृदयाची वा मूत्रपिंडाची शस्त्रक्रिया नाकारता येत नाही. संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्रास भेटावे अथवा १५५३८८ या क्रमांकावर विचारावे. मर्यादा एवढीच की ही योजना मुख्यतः दाखल रुग्णांसाठी आहे. बाह्यरुग्ण तपासण्या, प्रवास व बुडालेली मजुरी तिच्यात येत नाही. आमच्या निधीचा मोठा हिस्सा नेमका येथेच खर्च होतो.

खासगी विम्याची कथा निराळी. जुन्या मेडिक्लेम पॉलिसीत अपवादांच्या यादीत या आजाराचे एक कलम ठरलेले असे. त्यात विषाणूचे नाव एचटीएलव्ही-३ किंवा एलएव्ही असे छापलेले असे. ही १९८० च्या दशकातील नावे. १९८६ मध्ये शास्त्रज्ञांनी एचआयव्ही हे नाव निश्चित केल्यावर ती मागे पडली, पण पॉलिसीच्या छापील कागदावर ती त्यानंतरही कित्येक वर्षे जिवंत होती. कोणी ते कलम वाचून बदलण्याचेही कष्ट घेतले नव्हते, यावरून त्या कलमामागचा विचार किती खोल होता ते दिसते.

२०१७ च्या अधिनियमाने विम्यातील भेदभावास मनाई केली. अपवाद एवढाच की विमागणिती अभ्यासाचा आधार असावा. २७ फेब्रुवारी २०२३ रोजी विमा नियामक व विकास प्राधिकरणाने सर्वसाधारण व आरोग्यविमा कंपन्यांना आदेश दिला की दिव्यांग, एचआयव्हीबाधित व मानसिक आजार असलेल्या व्यक्तींसाठी त्यांनी विमा उपलब्ध करून दिलाच पाहिजे. तेव्हा 'आम्ही अशांना घेत नाही' असे कोणी तोंडी सांगितले तर ते लेखी मागावे. लेखी मागितल्यावर पुष्कळदा उत्तर बदलते. न बदलल्यास कंपनीच्या तक्रार कक्षाकडे व पुढे विमा लोकपालांकडे जाता येते. त्यासाठी वकील लागत नाही व शुल्कही नाही.

एक सूचना कळकळीने करतो. प्रस्ताव-अर्जात खरे लिहावे. नाव झाकण्याविषयी आम्ही इतका वेळ बोललो, पण येथे झाकणे घातक आहे. आजार लपवून घेतलेल्या पॉलिसीचे हप्ते कंपनी विनातक्रार घेत राहते आणि दावा दाखल झाल्यावर जुने कागद काढते. २०२४ च्या नियमांनुसार आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा कालावधी जास्तीत जास्त छत्तीस महिने आहे, आणि सलग साठ महिने पॉलिसी चालू राहिल्यावर माहिती दडविल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक मात्र त्यास अपवाद. एचआयव्हीची माहिती जाणूनबुजून दडविणे कोणत्या बाजूला पडेल हे अजमावण्याच्या फंदात कोणी पडू नये. विमा कंपनीस सांगितलेली गोष्ट गुप्त ठेवणे कंपनीवरही बंधनकारक आहे. हप्ता परवडत नसेल तर घेऊ नये. फुले योजना आहेच. आमच्या मदत कक्षात येणाऱ्या बहुतेक कुटुंबांना आम्ही हेच सांगतो.

छायाचित्रांचा प्रश्न राहिला. लाभार्थीच्या हाती धनादेश देतानाचे छायाचित्र अहवालात छापण्याची प्रथा आमच्याकडेही होती, आणि देणगीदारांना त्यात समाधान मिळते हे स्वाभाविक आहे. आपला पैसा कोठे गेला हे पाहण्याचा त्यांना अधिकार आहे. एका देणगीदारांनी चेहरा अंधुक करून छापावा असे सुचविले. पण आपल्या गावात माणूस चपलांवरून आणि उभे राहण्याच्या ढबीवरून ओळखला जातो. आम्ही नम्रपणे नकार दिला. त्यांनी पुढील वर्षाची देणगी अन्य संस्थेस दिली. ती योग्य ठिकाणी गेली असेल याबद्दल आम्हांस शंका नाही. परंतु आमच्या ताळेबंदात त्या वर्षी ती रक्कम दिसत नाही, आणि तिचे कारण टिपणीत लिहिता येत नव्हते म्हणून आज तोंडी सांगत आहोत.

प्रारंभी उल्लेखिलेल्या सद्गृहस्थांनी हे सर्व ऐकून घेतले आणि मातोश्रींच्या नावाची रक्कम कोणतीही अट न घालता उपचार-साहाय्य निधीत जमा केली. पावतीवर मातोश्रींचे नाव आहे. ती कोणाच्या तिकिटासाठी गेली हे त्यांना ठाऊक नाही, आणि ज्यांच्यासाठी गेली त्यांनाही मातोश्रींचे नाव ठाऊक नाही.

सभेपुढे या निधीसंबंधी एक ठराव ठेवला आहे. सध्या प्रवासखर्च फक्त रुग्णाला मिळतो. तो सोबत येणाऱ्या एका व्यक्तीसही मिळावा आणि हंगामाच्या दिवसांत, म्हणजे ऑक्टोबर ते मार्च, बुडालेल्या एका दिवसाच्या मजुरीची भरपाईही करावी, असा प्रस्ताव आहे. मा. कोषाध्यक्षांचा यास आक्षेप आहे. मजुरी बुडाल्याचा पुरावा काय, असा त्यांचा प्रश्न आहे आणि तो हिशेबाच्या दृष्टीने रास्त आहे. जिनिंगच्या मुकादमाकडून दाखला आणावयास सांगितला तर कशासाठी हवा हे मुकादम विचारणारच. आम्ही असे सुचवितो की एआरटी केंद्राच्या कार्डावरील तारखेचा शिक्का हाच पुरावा मानावा, तो वैद्यकीय अधीक्षकांनी पाहावा आणि व्हाउचरवर केवळ क्रमांक लिहावा. कोषाध्यक्ष महोदयांनी आपले म्हणणे मांडावे व सभेने निर्णय करावा, ही विनंती.